नाचतंय

डिस्को गाणारी म्हणून रत्नागिरीत मला सगळे ओळखायचे आणि त्यातले निम्मे नावं ठेवायचे. बंदरावर मासे विकणारीची मुलगी चंदेरी झगा घालून माईक धरते म्हणजे काय! आई म्हणायची, लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, तू आपली गा.

ऑर्केस्ट्रा मास्तरांचा. त्यांनीच मला स्टेजवर आणलं, म्हणून दर भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायचे. त्यांची माझ्याबद्दल एकच कुरकुर होती. आमच्याकडे बायका 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतंय' म्हणतात. मास्तरांनी रचलेल्या गाण्यात 'मी नाचते' होतं आणि माझ्या तोंडून हटकून 'नाचतंय' निघायचं. ते कपाळाला हात लावायचे. शुद्ध बोल, नाहीतर कॅसेटवर नाव कसं येणार तुझं? मला तर तेवढंच हवं होतं. नावं ठेवणाऱ्यांच्या घरात माझं नाव जाऊन बसलं असतं.

मुंबईला नेऊन त्यांनी गाणं रेकॉर्ड केलं. तिथेही जळ्ळं मेलं 'नाचतंय'च निघालं. मास्तर म्हणाले, ही नुसती चाचणी, खरं नंतर करू. मी विश्वास ठेवला.

भाऊबीजेला ते नव्या बायकोला घेऊन आले. मी ओवाळलं. त्यांनी तबकात कॅसेट टाकली. वर वहिनीचा फोटो, वहिनीचं नाव. आईने कौतुकाने शेजारचा टेप आणून ती लावली आणि 'नाचतंय' ऐकून जागच्या जागी थांबली.

"अगो, ही तर तू!"

मास्तर चहा पीत म्हणाले, "वहिनीचं नाव झालं म्हणजे घरातलंच झालं ना?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि मी मेलीने आत्ताच त्या माणसाला कुंकू लावलं होतं! कॅसेट त्यांच्यापुढे सरकवली आणि ऑर्केस्ट्रा सोडला.

गाणं मात्र गावोगाव वाजलं. शिमग्यात वहिनीचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी बायकांत बसले होते. वहिनी शुद्ध गायली, 'मी नाचते'. लोक ओरडायला लागले, नाचतंय म्हण, नाचतंय! तिने म्हणून बघितलं, पण आमचा हेल काही जमेना. मास्तर मान खाली घालून वाजवत राहिले.

मला राहवलं नाही. शेजारच्या बाईला म्हटलं, "कॅसेटवर मी गायलंय ते."

ती हसली. "काय तरीच काय गो. नाव तर हिचं आहे."