टपाला जोडवं

"छबुबाई, बटन लई देखणं केलंस, पन त्ये बॅटरी खातंय! आज परत जीप ढकलीत आनली. मी सोसायटीचा चेअरमन हाय का बैल?"

"आबा, बैलानं एवढी कुरकुर केली नसती."

सटवा ड्रायव्हर खाली बघून हसला. आश्रुबा हसले नाहीत. सहा फुटी माणूस, त्यावर वीतभर फेटा. तो घामानं भिजून भुवयांवर उतरला होता. पाटोद्याच्या स्टँडमागं छबुबाईचं पत्र्याचं दुकान, आणि दुकानासमोर दूध सोसायटीची जीप मुकी उभी.

"उद्या परत ढकलायची पाळी आली," आश्रुबा म्हणाले, "तर जीप नगरच्या मिस्तरीकडं. तू बाईमानूस म्हनून न्हाई हां. दूध नासतंय माजं."

"कबूल," छबुबाई म्हणाली. दुसरं म्हणायला होतं काय?

साल शहाऐंशीचं. छबुबाईचा खरा धंदा पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायचा. बापाच्या मांडीला मांडी लावून शिकलेली. पण विहिरीत पाणी नाही तर मोटार चालणार कशाला अन् जळणार कशाला? नवरा बंकट साखर कारखान्यात बॉयलरवर होता. ऊस जागेवर वाळला, गाळप थांबलं, बंकट घरी आला आणि सरळ चुलीपुढं बसला. ती दुकान बघायची, तो भाकऱ्या थापायचा. भाकरी कधी गोल आली नाही. म्हणायचा, "कारखान्याचा बॉयलर सांबाळलाय म्या, चूल काय चीज हाय?" आणि भाकरी करपायची. त्या वर्षी दुकानाचं दार उघडत होतं ते या एका जीपच्या जिवावर.

जीप पहाटे वाड्यावस्त्यांवर दूध गोळा करायची. लाइट कुठंच नसायची, आणि अंधारातल्या मापावर बायांचा भरवसा नाही. कॅनपाशी रोज भांडण. म्हणून सटव्यानं ब्रेकलाइटचा जाडा बल्ब जीपच्या मागच्या भागात लावला आणि त्याचा खटका, घरात भिंतीला असतो तसला काळा, पुढं टपाला ठोकला. उजेड झाला, भांडण मिटलं, पण त्या खटक्यावर आपटून निम्म्या सोसायटीच्या टाळूला टेंगळं आली.

तेव्हा छबुबाईनं टिकटिक करणारं बॉलपेन उघडून बघितलं. एकदा दाबलं की अडकतं, पुन्हा दाबलं की सुटतं. तिनं पेनाचा वरचा तुकडा कापला, जुन्या टॉर्चमधल्या दोन पितळी पट्ट्या त्यात बसवल्या. दाबलं की पट्ट्यांचं लगीन, पुन्हा दाबलं की फारकत. करंगळीच्या पेराएवढं बटन, ते टपाला खटक्याच्या जागी बसवलं. टेंगळं थांबली. सगळ्या स्टँडला तिचं ते दाखवून झालं होतं. आणि आता ही बॅटरी.

"रातीला बटन बंद केलतंस का रं?" तिनं सटव्याला विचारलं.

"आईशपथ केलतं, काकू. रातीला बंदच असतंय. दिवसा कोन लावंल?"

"चला, एक चक्कर मारू."

चार जणांनी धक्का दिला, जीप सुरू झाली. आश्रुबा पुढं, सटव्याशेजारी, नेहमीच्या जागी. छबुबाई मागं कॅनशेजारी, नजर बल्बवर. गिरणीपाशी पहिला खड्डा आला. आश्रुबा उडाले, फेटा टपाला लागला, टिक! बल्ब लागला. भर उन्हात तो पुढच्यांना दिसणार कसा? पुढच्या खड्ड्याला टिक, विझला. तिसऱ्याला टिक, लागला.

"आबा," छबुबाई मागून ओरडली, "बटन तुमचा फेटा दाबतोय!"

सटव्याला हसू आवरेना, गाडी रस्ता सोडून बाभळीकडं निघाली. म्हणजे उतरताना शेवटचा खड्डा कोणता लागला, त्यावर बॅटरीचं नशीब. बल्ब लागलेला राहिला की जीप दिवसभर स्टँडवरच्या लिंबाखाली उभी, आणि आधीच म्हातारी झालेली बॅटरी संध्याकाळपर्यंत खलास.

"मग फेटा काडून बसा की, आबा," छबुबाई म्हणाली.

"मान माग, दितो," आश्रुबा म्हणाले. "चेअरमननं बोडक्यानं हिंडायचं?"

फेट्याचा विषय तिथंच संपला.

दुकानात येऊन छबुबाईनं टपाच्या लाकडी पट्टीत भोक पाडून बटन आत सारलं. फेटा पोचेना. पण सटव्याचा अंगठाही पोचेना. दूध मापताना त्यानं काडी घालून दाबायचं का? बटन परत काढून ती जमिनीवर बसली. पकड म्हणून तिचा पायच कामाला यायचा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या फटीत बटन धरायचं आणि दोन्ही हात मोकळे. बटनाचं टोपण घट्ट बसावं म्हणून तिनं लाकडी मोगरी हाणली. मोगरी बटनावर पडलीच नाही, बोटातल्या जोडव्यावर टणकन् आदळली.

"मेले गं!"

बंकट भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दुकानामागच्या खोलीतून धावत आला. ही पाय धरून हसत होती.

"अवं, बगा. जोडव्याची कड वर हाय, बटन खाली. मोगरी कडंवर टेकली, बटनाला धक्का न्हाई. पन बोट घातलं की..." टिक.

तिनं साबण लावून जोडवं काढलं, बटनाभोवती बसवलं, डिंकानं चिकटवलं. सासू जाईबाई दारात उभी राहून बघत होती.

"नवरा जित्ता असताना जोडवं जीपला?"

"आये, आता माजी जिंदगी त्या टपाला टांगली म्हन," बंकट म्हणाला.

"तुजी जिंदगी दुकानाला टांगलीय," जाईबाई म्हणाली. "दुकान गेलं तर तुजी करपलेली भाकर खानार कोन? लाव गं पोरी, नीट लाव."

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी जीप येईना. छबुबाई हातात पक्कड घेऊन रस्त्याकडं बघत होती; काम काहीच नव्हतं, पक्कड उगाच. मग गिरणीकडून हॉर्न ऐकू आला, लांबच लांब, वरातीसारखा. जीप आपल्या पायानं आली. लिंबाखाली सटव्यानं इंजिन बंद केलं आणि मुद्दाम परत चालू केलं. पहिल्या हिसक्यात सुरू.

"काकू, प्रत्येक खड्ड्याला आबा मान ताठ करून आपटत होते," सटवा म्हणाला. "बल्ब एकदा बी लागला न्हाई!"

आश्रुबा उतरले. फेटा एका बाजूनं पार चेपला होता, पण चेहरा फुललेला.

"नगर रद्द," ते म्हणाले. "आनि तुला सोसायटी नवं जोडवं करून दील."

"राहू द्या आबा. टपाला शोभतंय त्ये."

"आगं, दोन टेम्पोवाले मागं लागलेत. त्यांना बी असलंच बटन पायजे."

छबुबाईनं पाय पुढं करून बघितला. एका पायात जोडवं, दुसरा पाय मोकळा.

"त्यांना सांगा, बायकूचं मागून आना," आतून बंकट ओरडला, आणि भाकरी करपल्याचा वास आला.

"तुमी चुलीकडं बगा," ती म्हणाली. कोपऱ्यातली तांब्याची जुनी नळी तिनं उचलली, पायाच्या फटीत घट्ट धरली आणि करवतीनं जोडव्याएवढी पहिली कडी कापायला घेतली.