सुटता येईल अशी दोरी

आमच्या हिच्या मामांइतका कुत्र्याच्या दोरीचा विचार उभ्या रत्नागिरीत दुसऱ्या कोणी केला असेल, तर तो माणूस मला दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. मामा वायरमन होते. जन्मभर कमरेच्या पट्ट्याच्या भरवशावर खांबावर लोंबकळलेला माणूस. बांधलेल्या वस्तूवर त्यांचा फार विश्वास. टिपू, म्हणजे त्यांचा पहिला कुत्रा, गेला आणि तो विश्वासही गेला. मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला काजूच्या बागेलगत घर, म्हणून मामांनी त्याला पडवीत चांगल्या जाड साखळीने बांधला होता. पहाटे वाघ आला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मामा काठी घेऊन बाहेर धावले तेव्हा साखळीला तुटका पट्टा तेवढा उरला होता. "साखळी कितीतरी वेळ खळखळत होती हो, जावईबापू," ते मला म्हणाले. "पळायला बघत होता तो. मीच बांधून दिला वाघाला."

पुढे दुसरा कुत्रा, बंड्या, आला आणि मामांनी दोरीपायी सगळ्यांना पिडलं. दोरी अशी हवी की रस्त्यावर डंपर आला तरी कुत्रा हातून निसटू नये, आणि वाघ आला तर एका झटक्यात मोकळा व्हावा. बाजारातल्या दुकानदाराने बिचाऱ्याने सगळा माल काढून दाखवला. "काका, ही न्या, हत्ती बांधा हिला!" मामा उखडले, "हत्ती कोणाला बांधायचाय? सोडायची कशी ते सांग!" बटण दाबलं की आत पळणारी दोरी त्यांनी हातसुद्धा न लावता परत केली. छातीचा पट्टा त्यांना आवडला, पण तो चाचणीसाठी चढवला माझ्या अंगावर! भर दुकानात, दोन ओळखीच्या बायकांसमोर, मला चार पावलं ओढून नेलं. "भुंकू नका, नुसतं ओढा." काय बोलणार? मामेसासरे पडले.

शेवटी जेटीवरच्या एका खलाशाने त्यांना एक गाठ शिकवली. कितीही ओढा, घट्टच बसणार. मोकळं टोक खेचलं की सर्रकन सुटणार. मग मामांचा सराव सुरू झाला. डाव्या हाताने, ओल्या हाताने, डोळे मिटून. घरी सत्यनारायण होता, तर प्रसादाआधी प्रत्येकाला ती गाठ ओढून बघावी लागली. भटजींनीसुद्धा ओढली. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

गेल्या थंडीत मामा नेहमीसारखे बंड्याला घेऊन बागेकडे गेले होते. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. करवंदीच्या जाळीतून वाघ बाहेर आला. मामीचा फोन आला तसा मी स्कूटर काढून धावलो. बागेभोवतीच्या जांभ्या दगडांच्या गडग्यावर मामा बसले होते, अंगावर ओरखडासुद्धा नाही. हातात दोरी, आणि आसपास गावची माणसं.

"गाठ सुटली," ते म्हणाले. "एका हाताने, एका झटक्यात."

"हो, मामा."

"मग तो गेला का नाही? मी ओरडलो, पळ, पळ म्हणून. दगड मारला त्याला. मारला हो मी त्याला दगड! तरी माझ्यापुढे येऊन उभा राहिला."

"तुम्हाला सोडून कसा जाईल तो?"

मामा माझ्यावर असे भडकले! "कोणी सांगितलं होतं त्याला? मी म्हातारा माणूस, माझं काय राहिलंय? त्याचं अजून सगळं व्हायचं होतं." आणि मग आमचे मामा, खांबावर शॉक लागून पडले तेव्हाही हूं की चूं न केलेले, पोरासारखे रडले.

नवं पिल्लू आणू म्हटलं तर त्यांना ऐकवत नाही. रोज संध्याकाळी मीच जातो त्यांच्याबरोबर फिरायला. मामीने तसं सांगितलंय. करवंदीची जाळी आली की मामा मला म्हणतात, "जावईबापू, काही झालंच, तर तुम्ही पळायचं. मागे बघायचं नाही. कबूल?"

मी कबूल म्हणतो. पण मामांना ते पटत नाही. ते पुन्हा विचारतात.