कांताच्या हातचं वेटोळं

भाऊराव ढोके मोटरी बांधणारा माणूस. गिटारीशी त्याचा संबंध कसा आला, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

अठ्ठावन्न साली तो गोंदियाकडून भिलाईत आला तो माती उपसायला. कारखाना तेव्हा निम्मा खड्डा नि निम्मं लोखंड. हजेरी लिहिणाऱ्या केवलरामांनी एकदा त्याला टोपलीच्या फाटक्या काठाला तारेचा वेढा घालताना पाहिलं. इतका सुबक, की त्यांनी वरच्यांशी भांडून त्याचं नाव वाइंडिंगच्या शिकाऊंत घातलं. चार वर्षांत भाऊराव जळक्या मोटरींना नवी तार गुंडाळण्यात पटाईत झाला, सेक्टरात क्वार्टर मिळालं, गावाहून बायको कांता आली. जेवायला बसताना तो केवलरामांचं नाव घ्यायचा. देवाच्या आधी की नंतर, ते कांतालाच ठाऊक.

हे केवलराम मांडीवर आडवी ठेवून विजेची गिटार वाजवत. बासष्टच्या गणपतीत त्यांचं वादन ठरलं आणि आठ दिवस आधी गिटार मुकी झाली. तिच्या तारांखाली लोहचुंबकावर केसाहून बारीक तारेचं वेटोळं असतं; तारांची थरथर तेच लाउडस्पीकरपर्यंत नेतं. ते आतून तुटलं होतं. कलकत्त्याहून नवं यायला दोन महिने.

"मी गुंडाळून देतो जी," भाऊराव म्हणाला. उपकार फेडायची अशी संधी पुन्हा कुठून येणार?

"अरे, हे मोटर नोहे."

"तारच हाय ना? आमाले दुसरं येते काय?"

पावर हाउस बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे तसल्या तारेचं एकच रीळ निघालं. भाऊरावनं साबणाची प्लास्टिकची डबी कापून चौकट केली, हातानं फिरवायचा चाक-दांडा बसवला आणि पाच हजार वेढे घेतले. मोटरीचा हात, ओढून घट्ट घ्यायची सवय. तार चारदा तुटली, चारदा सांधली. पण झालं. आणि मग त्यानं कारखान्यातल्या वाइंडिंग शॉपचा नियम पाळला. तिथं वेढे झाले की वार्निश, वार्निश झालं की भट्टी. त्यानं वेटोळं शेगडीवर तापत ठेवलं. अर्ध्या तासानं पाहतो तर साबणाची डबी पुरणपोळीसारखी पसरलेली.

दोन दिवस उरले होते, रीळ निम्मं.

"आता कोणतं तोंड दाखवू त्याईले?" तो भिंतीकडे पाहत बसला.

"दाखवा हाय तेच," कांता म्हणाली. "सरका तिकडं. तुमी चाक फिरवा, तार मी धरतो."

"कांते, हे शेवया वळनं नोहे."

"तसंच हाय. शेवई ओढाची नसते जी, तिले तिच्या मर्जीनं येऊ द्या लागते."

दुसरी डबी कापून पुन्हा चौकट झाली. तिनं दोन बोटांत कापूस घेतला आणि त्यातून तार सोडली. शंभर वेढ्यांना एक तुरीचा दाणा वाटीत. पन्नास दाणे झाले, तार एकदाही तुटली नाही. भाऊरावचा हात सवयीनं वार्निशकडे गेला, तसा तिनं डबा मागं ओढला.

"गळ्यातल्या पोतीच्या दोऱ्याले आमची माय मेण लावे. मेणात बुडवा."

गरम पाण्यात वाटी ठेवून मेण पातळ केलं, वेटोळं बुडवलं, निथळलं आणि गिटारीत बसवलं.

गणपतीच्या दिवशी दुपारी मंडपात केवलरामांनी पहिली तार छेडली. आवाज आला. भरदार, स्वच्छ, मागच्या रांगेपर्यंत. गाणं संपल्यावर केवलराम माइकपुढे म्हणाले, "ही भाऊरावची मेहरबानी."

हे काही भाऊरावला सोसलं नाही. तो भर मंडपात उभा राहिला. "मेहरबानी तुमची जी. अन् काम हिचं."

"बसा खाली," कांतानं त्याचा सदरा ओढला, "लोक पाहून राहिले."

केवलरामांनी तिला हात जोडले. "बोला कांताबाई, काय वाजवू?"

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "आमच्या पोरीबाळी म्हणते ते भुलाबाईचं गाणं येते का?"

त्यांना येत होतं. दुसऱ्या ओळीला बायकांनी टाळी धरली, आणि भाऊरावही, ताल चुकवत का होईना, त्यांच्यात मिसळला.