व्हर्जिलच्या पायाशी लाल तुरे

ऑर्फा टीग हिने आयुष्यात फार थोड्या गोष्टींचा हट्ट धरला. नवरा व्हर्जिल गेल्यावर तिने चर्चशेजारच्या दफनभूमीत त्याच्या थडग्याच्या पायथ्याशी, डोंगराचे पाणी झिरपते तेथे, त्याच्याच आवडीच्या कार्डिनल या फुलझाडाची रोपे लावली. ऑगस्टमध्ये त्यांना लालभडक तुरे यावेत आणि चर्चच्या मेळाव्याला फुलांतला मध टिपणारे इवले हमिंगबर्ड पक्षी तेथे भिरभिरावेत, एवढीच तिची इच्छा होती.

परंतु त्या खोऱ्यातील रिवाज निराळा. मे महिन्यात थडगी फुलांनी सजवण्यापूर्वी ती फावड्याने खरवडून, गवताचे पातेही न ठेवता उघडी करावयाची. हे काम धाकटा दीर क्लेल याच्याकडे होते आणि तो ते चोख करी. हिवाळाभर जमिनीला चिकटून राहिलेली कार्डिनलची हिरवी पाने त्याने गवताबरोबरच खरवडून काढली.

"क्लेल, काय उपटलंस कळतंय का?"

"गवत, वहिनी. दरवर्षी उपटतो तेच."

"तुझ्या भावाच्या आवडीची फुलझाडं होती ती. चष्मा कशाला दिलाय तुला?"

"फुलं नसताना फुलझाड ओळखायला मला काय स्वप्न पडतं?"

तथापि तो कुंपणाकडे गेला आणि तेथे टाकलेल्या खरवडलेल्या गवताच्या ढिगात बराच वेळ वाकून राहिला. पांढरी मुळे शाबूत असलेली काही रोपे त्याला मिळाली.

"खोल गाडू नकोस," ऑर्फा म्हणाली. "मधल्या कोंबाला उजेड लागतो."

त्याने दोरी ताणून रोपे एका रेषेत लावली. ते पाहून ऑर्फाला हसू आवरेना. "व्हर्जिल जन्मात कधी सरळ रेषेत चालला नाही, आणि त्याच्या पायाशी ही रांग!"

"आता कुठे जातोय तो?"

उन्हाळाभर क्लेल कुरकुरत बादलीने पाणी घालीत राहिला. एक रोप वाळलेच. उरलेली मात्र कंबरेएवढी वाढली आणि ऑगस्टमध्ये लाल तुऱ्यांनी भरली. मेळाव्याच्या दिवशी झाडांखालच्या लांब टेबलांवर तळलेली कोंबडी मांडली जात असताना एक हमिंगबर्ड आला आणि एकेका फुलात चोच घालू लागला. ऑर्फा हातातले ताट विसरून पाहत राहिली.

शेजारी उभ्या असलेल्या हेस्टर पिकन्सने नाक मुरडले. "यंदा व्हर्जिलचं थडगं नीट साफ झालेलं दिसत नाही."

"झालंय," क्लेल म्हणाला. "ती रांग मी लावलीय."