कोटांच्या मागचं दार

ड्रायरमधनं कपडे काढून बेसमेंटमधनं वर आले तर मनू नव्हती.

सोफ्याशेजारी तिची बॅसिनेट, टोपलीसारखा पाळणा, त्यात नुसतं दुपटं. पुढचं दार सताड उघडं, बाहेर मायनस अठरा, अन् कार्पेटवर बुटांचे ओले ठसे. मोठे, बाप्याच्या बुटांचे. आमची म्हातारी घरमालकीण ओमा तिच्या खुर्चीत ताठ बसलेली, हात मांडीवर. मी म्हणलं, "ओमा, बेबी? व्हेअर बेबी?" तिनं माझ्याकडं बघितलं अन् सावकाश म्हणली, "देअर इज नो बेबी हिअर."

मी तशीच मोज्यांवर बर्फात पळाले. कोपऱ्यावर एक पांढरी व्हॅन वळत होती, तिच्या काचेवर दोन्ही हातांनी बडवलं. आतला माणूस निळ्या जॅकेटमधला, छातीवर बिल्ला, डोक्यावर टोपी. फर्नेस, घर गरम ठेवायची भट्टी, ती तपासायला आलेला. मला वाटलं ह्यानंच नेली. तो घाबरला, म्हणला, "मॅम, मॅम, स्लो डाऊन." दहा मिनिटं बेल वाजवत होतो म्हणे (मला ड्रायरच्या घरघरीत ऐकूच आली नव्हती), मग म्हातारीनं दार उघडलं, दोन पावलं आत आलो तर म्हणली इथं बाळ नाही. तीनदा म्हणली. "अँड आय डिडन्ट इव्हन आस्क," म्हणला. मग माझ्या पायांकडं बघून त्यानं विचारलं, नाइन वन वन लावू का, पोलिसांना?

अन् मी हसले. खरंच हसले. म्हणलं, "नो नो, बेबी ओके, बेबी विथ ग्रँडमा." तो गेला.

आता तुम्ही म्हणाल बाई वेडी का काय. पण आधी ऐका सगळं. तिकडं बार्शीकडं आहेत त्या माझ्या मैत्रिणींनी ऐका, अन् माझ्यासारख्या नवऱ्यामागं इकडं आल्या त्यांनीपण ऐका. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना अर्धंच माहितीये.

मी निघाले तेव्हा मनू पोटात होती, चौथा महिना. मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दारापाशी आई-अण्णा उभे होते, त्यांना आत सोडत नव्हते. आई म्हणली, "जिथं राहशील तिथं दारावर स्वस्तिक काढत जा, घर राखतं ते." अन् अण्णा इकडंतिकडं बघून हळूच म्हणले, "वर्दीवाल्याच्या वाट्याला जाऊ नको. मदतीलासुदिक बोलवू नको." अण्णांचं बरोबर होतं त्यांच्या परीनं. माझ्या भावावर एकदा मोटर चोरल्याचा आळ आला होता तर फौजदार आमच्या घरात शिरला होता. कणग्या उलट्या केल्या, आईच्या तोंडापुढं काठी नाचवली, "कुठं लपवलाय? बोल, कुठं लपवलाय?" मोटर नंतर सापडली दुसऱ्याच्याच विहिरीवर. पण तो आवाज आमच्या घरात राहिला. पाव्हणे मोठ्यानं बोलले तरी आई दचकायची.

तर दोन्ही गोष्टी मी पदरात बांधून आणल्या, अन् दोन्ही पाळल्या.

हे वॉटर्लूला कॉलेजला होते अन् उरलेल्या वेळात पिझ्झा पोचवायचे. आम्हाला बेसमेंट मिळालं ते ओमाच्या घरातलं. ओमा म्हणजे जर्मन लोकांत आजी, ह्या भागात जुनी जर्मन माणसं पुष्कळ. ऐंशीच्या पुढची, एकटी. तिची लेक कॅरिन ओकव्हिलला. कॅरिन म्हणली, "शी फर्गेट्स थिंग्ज. जस्ट कीप ॲन आय." म्हणून भाडं कमी. मी नववीपर्यंत शिकलेली, इंग्लिश म्हणजे यस-नो-थँक्यू, पण म्हातारीचं अन् माझं जमलं. ती बटाटे सोलायला शिकवायची, मी डोक्याला तेल लावून द्यायचे. मनू झाल्यावर तर तिला मांडीवरून खाली ठेवायचीच नाही. माझी आई तिकडं अन् ही इकडं, असं वाटायला लागलं होतं मला.

कधीकधी ती लहान व्हायची. जर्मनच बोलायची, मग आठवून इंग्लिशमध्ये सांगायची, तुकडे तुकडे. पन्नास वेळा ऐकून मी जोडलं. ती आठ वर्षांची असताना, तिकडं त्या हुकूमशहाचं राज्य होतं. ज्यू लोकांना घरांतनं काढून गाड्यांत भरून न्यायचे, ते परत यायचे नाहीत. शेजारी शेजाऱ्याचं नाव सांगायचा. हिच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहायची, तिनं कपाटामागं एक बारकी मुलगी लपवून ठेवली होती, ज्यू मैत्रिणीची. ओमाला तिचा खोकला ऐकू यायचा. शाळेत बाईंनी गोड बोलून विचारलं, कुणाच्या घरी पाव्हणे आलेत का? हिनं हात वर केला. शाब्बासकी मिळाली म्हणे, सगळ्या वर्गाकडून टाळ्या. दुसऱ्या दिवशी वर्दीतली दोन माणसं आली, बिल्ले लावून. जिन्यातनं खाली नेताना त्या मुलीच्या एकाच पायात बूट होता. एवढं सांगितलं की ओमा स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवायची. घट्ट. हात वर जाईल म्हणून.

मी ऐकायचे अन् म्हणायचे, "ओल्ड टाइम, ओमा. फिनिश." अन् चहा टाकायचे.

त्या फर्नेसवाल्याच्या चार दिवस आधी संक्रांत होती. मनूचं बोरन्हाण केलं. वॉटर्लूच्या दोन मराठी बाया आल्या. बोरं कुठनं मिळणार, ब्लूबेऱ्या अन् कुरमुरे घातले डोक्यावरनं. काळं झबलं, हलव्याचे दागिने आईनं पाठवलेले. आणि पुढच्या दारावर, ओमाच्या पांढऱ्याशुभ्र दारावर, मी कुंकवानं हातभर मोठं स्वस्तिक काढलं. घर राखायला. ओमा डॉक्टरकडनं आली ती पायरीवरच थांबली. "हू डिड धिस?" मी छाती पुढं काढून म्हणलं, "मी! मी, ओमा! गुड लक!" ती वर जाऊन झोपली. मला वाटलं दमली.

मला माहिती नव्हतं हो. नववीच्या पुस्तकात त्या मिशीवाल्याचा फोटो होता, पण त्याच्या दंडावर काय होतं ते कोण बघतंय? आलेल्या बायांनीपण एकीनं म्हणलं नाही की अगं, ही जर्मन आहे, पुसून टाक. आपल्याला ते दिसतच नाही. दारावर नसलं तर दिसतं.

म्हणजे तिच्या दारावर ते चिन्ह आलं, मीच काढलं म्हणून सांगितलं, अन् चार दिवसांनी बिल्लेवाला माणूस बेल वाजवायला लागला. मनू तिच्याशेजारी. आता तुम्हीच जुळवा. मला ते उघड्या दारात उभं राहून, त्या लाल कुंकवाकडं बघताना जुळलं.

ह्यांना फोन लावला, सायलेंटवर. नाइन वन वन? बोरन्हाणाला आलेल्या त्याच बायांनी सांगितलं होतं, इथं पोराला जरा काही झालं की लोक येतात, लिहून घेतात अन् पोरगं घेऊन जातात. खरं-खोटं देव जाणे. मी वर पळाले. पलंगाखाली बघितलं, बाथटबमध्ये, क्लॉझेटमध्ये, ड्रॉवरसुद्धा ओढले. आवाज नाही. पाच महिन्यांची पोर रडत का नाही? रडत का नाही?

खाली येऊन ओमाचे पाय धरले. "ओमा, मी मम्मा. मनूची मम्मा. प्लीज." ती माझ्या डोक्यावरनं भिंतीकडं बघत होती, उजवा हात डाव्या हातात. "देअर इज नो बेबी हिअर." तिचे ओठ थरथरत होते पण बोलणं थरथरत नव्हतं. ह्या वेळेला ती सांगणार नव्हती. आख्खा जन्म तिनं ह्या एका वेळेची वाट बघितली होती.

घड्याळात वीस मिनिटं झाली होती. तेव्हा मी उठले. अन् माझ्या तोंडातनं तो आवाज निघाला. माझा नाही. त्या फौजदाराचा. "कुठं लपवलीय? बोल! कुठं लपवलीय?" मराठीतच. टेबलावर हात आपटला, तिच्या दंडाला धरून हलवलं, अंगावर वाकले. शब्द तिला कळायचे नव्हते, पण आवाज कळला. एवढीशी झाली ती. खुर्चीतच लघवी झाली, खाली कार्पेटवर टिपकायला लागली. मग तिचा तो उजवा हात सुटला. वर गेला, वर्गात वर करतात तसा, अन् बोट वरच्या खोलीकडं.

क्लॉझेटमध्ये कोट लटकवलेले, त्यांच्या मागं छपराखाली जायचं बारकं दार. मी इतके महिने त्या घरात, मला माहितीच नव्हतं. आत बर्फासारखी हवा. मनू ओमाच्या फरच्या कोटात गुंडाळलेली, कुशीत गरम पाण्याची पिशवी, तोंडावर मऊ रुमाल, सैल, हनुवटीवर घसरलेला. जागी होती. ओठ निळसर. अंगठा चोखत माझ्याकडं बघत होती. रडली नाही, मीच रडले. शर्टाच्या आत घेतली तर तिचे पाय माझ्या पोटाला बर्फासारखे लागले. दोन्ही पायांत मोजे होते. ओमानं दुहेरी घातले होते.

दार मी ओल्या फडक्यानं पुसलं. कुंकू जात नाही लवकर, गुलाबी डाग राहिला. ओमाला आंघोळ घातली, कपडे बदलले. तिनं सगळं करू दिलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. कॅरिननं विचारलं, काही झालं का? मी म्हणलं, "नथिंग." पुढं ओमा जेवायचीच बंद झाली, मग तिला नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवलं, घर विकलं.

आता आम्ही अपार्टमेंटमध्ये आहे. आई व्हिडिओवर विचारती, दारावर काढलंस का गं? मी हो म्हणती. काढलेलं नाही. देवघरात बोटाएवढं आहे, आतल्या बाजूला. घर म्हणलं की मला आता बार्शीचं आठवत नाही, कोटांच्या मागची ती जागा आठवती. कुणीतरी माझ्या लेकरासाठी एवढी ऊब करून ठेवली होती, अन् ती माझ्यापासून वाचवायला होती.

मागच्या महिन्यात मनूला घेऊन तिला भेटायला गेले. मनू आता चालती. दारातनं तिला बघून ओमाचा चेहरा असा फुलला, असा फुलला. मग मागं मी दिसले. चेहरा मिटला. नर्सकडं वळून ती ठामपणे म्हणली, "आय हॅव नेव्हर सीन धिस चाइल्ड."

मनू "ओमा, ओमा" करत हात पसरून उभी. तुम्ही माझ्या जागी असता तर त्या दिवशी काय केलं असतं? पोर तिकडं गारठत होती, अन् म्हातारी बोलत नव्हती. सांगा ना, काय केलं असतं तुम्ही?