कमलाबाईंच्या बातम्या

समुद्रपुरात आज कोणती बस बंद आहे, कापूस कुठल्या भावानं गेला, दहावीचा निकाल कधी लागणार, हे आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी कमलाबाईंना कळतं. त्यांना ऐकू मात्र काही येत नाही. तरुणपणी मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं, तेही खणखणीत. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही आणि सांगायची आमची हिंमत नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाचं घरात काय होतं ते मी शेजारी राहून पाहिलं आहे. सगळे हसतात, त्या काय झालं विचारतात आणि सून नंदिनी हातानंच म्हणते, थांबा, मंग सांगतो. नंदिनी वाईट नाही. पण ते ‘मंग’ कधी येत नाही. म्हणून कमलाबाईंचा सगळा जीव एका सरकारी वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्यांत. पडद्याच्या तळाशी अक्षरांची पट्टी सरकते, ती वाचायची आणि ओट्यावर येऊन गल्लीला सांगायची. तेवढा वेळ त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मागच्या वर्षी त्या पट्टीवरच कंबरदुखीच्या मलमाची जाहिरात येऊन बसली. कमलाबाई ओट्यावर यायच्या बंद झाल्या. मला त्या मलमाचा असा राग आला की घरातली डबी मी फेकून दिली.

त्यांनी सांगितलं, मी मोबाइलवर त्यांच्या नावानं वाहिनीकडे तक्रार लिहिली. तिथला नियम असा की तक्रारदाराशी फोनवर बोलल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही. फोन आला. नंदिनीनं सांगून पाहिलं की त्यांना ऐकू येत नाही, तीच तर तक्रार आहे. पलीकडचा म्हणाला, बोलणं तक्रारदाराशीच व्हायला हवं. मग कमलाबाईंनी फोन घेतला, सगळी कहाणी ऐकवली आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: तक्रारदाराने प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत, सबब तक्रार निकाली. मी हसत सुटले. त्या हसल्या नाहीत.

पुढे कळलं की वाहिनीचे साहेब प्रेक्षकांचं म्हणणं ऐकायला वर्ध्याला येणार आहेत. कमलाबाईंनी ठेवणीतलं निळं पातळ नेसलं आणि आम्ही एसटीनं निघालो.

साहेब सभ्य होते. त्यांनी समजावलं की सरकारच्या अनुदानात भागत नाही, उरलेला खर्च जाहिरातींतून काढावा लागतो. मी ते कागदावर लिहून कमलाबाईंना दाखवलं. त्या उठल्या. त्यांचा खणखणीत आवाज सभागृहभर गेला.

“साहेब, अनुदान कोठून येते? मी साबन घेतो, त्याच्यावर टॅक्स भरतो. थो पैसा माहाबी हाये. जाहिरात दाखवा ना, पण माह्या अक्षरावर काऊन?”

मग त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं आणि बातम्या लावायला सांगितल्या, आवाज बंद करून. साहेबांनी लावल्या. निवेदिकेचे ओठ हलत होते, खाली मलम चमकत होतं. तेवढ्यात पडद्यावर सिंदी रेल्वे गावचा कापूसबाजार दिसला, आणि पोलीस. सभागृहात निम्मे लोक त्याच भागातले. काय झालं, काय झालं, अशी कुजबुज सुरू झाली. मागून एकजण ओरडला, आवाज वाढवा. मी ते कमलाबाईंना लिहून दाखवलं.

“तुमच्यासाठी आवाज वाढवता येते,” त्या म्हणाल्या. “माह्यासाठी काय वाढवता?”

मग साहेबांनी स्वतः उठून माझ्या हातातला कागद घेतला, त्यावर लिहिलं आणि कमलाबाईंपुढे धरला: तुमचं बरोबर आहे. पट्टी मोकळी करतो. यापुढे तुम्हाला फोन नाही, लिहूनच कळवू. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. कमलाबाईंना त्या ऐकू आल्या नाहीत, पण सगळ्यांचे हात दिसले, आणि मला रडू आवरेना.

शब्द त्यांनी पाळला. पुढच्या आठवड्यात मलम पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेलं आणि तळाशी अक्षरं परत सरकू लागली. तालुक्यातल्या आणखी काही ऐकू न येणाऱ्यांनी कमलाबाईंच्या घरी येऊन पेढे वाटले.

त्या संध्याकाळी मीही तिथेच बसले होते, चष्मा घरी विसरून. गावाची वीज नुकतीच जाऊन आलेली, त्यात टीव्हीचा आवाज बिघडलेला, चित्र मात्र ठीक. पट्टीवर काहीतरी मोठं सरकत होतं, कारण कमलाबाईंच्या भुवया वर गेल्या. नंदिनी पोळ्या टाकत होती, तिला चुलीपासून अक्षरं दिसेनात. तिनं पुढे येऊन सासूबाईंचा खांदा हलवला आणि खुणेनं विचारलं, काय झालं.

कमलाबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“थांब,” त्या म्हणाल्या, “मंग सांगतो.”