नवशाचा जिभेचा उपास

ताडावर चढण्याआधी खालून हाळी द्यायची, ही आमच्या तारापूरकडची रीत. "चढतोय हो," असं ओरडलं की न्हाणीतल्या बायका आडोशाला होतात. ताडी काढणारा नवशा हाळी द्यायचा अगदी इमानाने, पण वर गेल्यावर डोळे थोडेच मिटतात? अर्ध्या गावाची परसं त्याच्या पायाखाली. संध्याकाळी ओटीवर तो ताडीबरोबर गावही वाढायचा. कोण्या सुनेने सासूचा राग उखळावर कसा काढला, हे असं करून दाखवायचा की माणसं पोट धरून लोळायची. बायको बायडी वारलेली, मूलबाळ नाही, एकटा जीव. पण ओटी कधी रिकामी नसायची.

अठ्ठ्याहत्तर साली त्याला मिठागराच्या बांधावर गोदूबाईची लेक आनंदी एका पोराशी बोलताना दिसली. त्याने सांगितलं ते हसण्यावारी. ते हसणं वाणगावला तिच्या होणाऱ्या सासरी पोचलं आणि लग्न मोडलं. गोदूबाई भांडायला आली नाही. त्याच्या दारावरून जाताना नुसती मान फिरवायची. तिने शिव्या घातल्या असत्या तर नवशाला बरं वाटलं असतं.

नवशा ख्रिस्ती. ईस्टरआधीच्या उपासात फादर आले, तेव्हा त्याने गुडघे टेकून सगळं सांगितलं.

फादर म्हणाले, "मटण सोडून काय करशील? ते तुला तसंही कुठे मिळतं? तू जिभेचा उपास धर. झाडावर दिसेल ते झाडावरच ठेव."

उपास सुरू झाला आणि ओटी ओस पडत गेली. शेजारचा दामू तेवढा यायचा.

"आज काय दिसलं?"

"समुद्र."

"तो मलाबी दिसतो," म्हणत पेला ठेवून उठायचा.

आणि नेमकं तेव्हाच दिसायचं ते दिसलं. वाडीवाले बळवंतभाऊ म्हणजे करडा माणूस. मुलगा प्रताप शेती टाकून बोईसरच्या कारखान्यात गेला, तर "मला मुलगाच नाही," असं चारचौघांत सांगून मोकळे झालेले. तेच बळवंतभाऊ चिकूखाली बसून, प्रतापचा जुना सदरा तोंडाशी धरून हुंदके देत होते. त्यांनी वर पाहिलं. ताडावर नवशा.

ईस्टरच्या संध्याकाळी ओटी पुन्हा भरली.

"सुटला ना रे उपास?" दामू म्हणाला. "बळवंतभाऊच्या वाडीतल्या ताडांवर तूच चढतोस. म्हातारा हल्ली गप गप का असतो? सांग की."

सगळे सरसावून बसले. किती दिवसांनी एवढी माणसं जमली होती. आज सांगितलं तर उद्याही येतील, नाही तर कोण येतंय? सदरा कसा धरला होता ते दाखवायला नवशाचे हात उचलले गेलेसुद्धा. त्या हातांनी त्याने मडकं घेतलं आणि पेले भरले.

"चिकू यंदा बरा धरलाय," तो म्हणाला.

"फादरनं याची जीभच काढून नेली," दामू म्हणाला. माणसं हसली, थोडं बसली, मग एकेक करून उठली.

ओटी रिकामी झाली तेव्हा कुंपणापाशी बळवंतभाऊ उभे दिसले. कधीचे उभे होते, कोण जाणे.

"माझं विचारत होते?"

"चिकूचं इचारत होते, भाऊ."

नवशाच्या ओटीवर कधी पाऊल न टाकलेले बळवंतभाऊ पायरीशी आले. "उरलीय का?" म्हणाले. अर्धा पेला उभ्यानेच प्यायले आणि पेला पायरीवर ठेवून गेले.

नवशाने पेले विसळले आणि येशूच्या तसबिरीसमोर बसला. तिथेही त्याने नाव घेतलं नाही. "एक बाप हाय," एवढंच म्हणाला, "त्याला सांभाळ."